धरणाच्या दारापाशी काढलेला फोटो

मंजुश्री इंगळे पाण्याखाली फोटो काढते असं कुणाला सांगितलं, तर देऊळगाव राजात पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथं कुठं आलाय समुद्र? ती त्याचं उत्तर देत बसत नाही. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत पूर्वी तिच्या वडिलांचा, गुलाबरावांचा फोटो स्टुडिओ होता. आमच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते. आता त्या खोलीत हवेचे सिलिंडर उभे असतात आणि दोरीवर काळा रबरी पोशाख वाळत असतो. मागच्या हिवाळ्यात एका धरणावर जे झालं, ते तिनं मला याच खोलीत बसून सांगितलं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या गणेशनं नंतर त्याच्या बाजूनं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फार फरक नव्हता, म्हणून लिहितो आहे. धरणाचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही.

मंजुश्रीला लहानपणी पोहताही येत नव्हतं. बापाच्या हाताखाली ती कॅमेरा शिकली, लग्नं केली, बारशी केली. मग मालवणला एका डायव्हिंग केंद्रात पर्यटकांचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायला माणूस हवा असल्याचं कळलं आणि ती गेली. महिना-दोन महिन्यांसाठी गेलेली पोरगी तिथं काही वर्षं राहिली. पोहायला शिकली, मग सिलिंडर लावून खाली जायला शिकली. खाली गेल्यावर हातात कॅमेरा नसणं तिला सहन होईना, म्हणून पाण्याखालचे फोटो शिकली.

पहिले फोटो पाहून ती रडकुंडीला आली होती. सगळं हिरवट-निळं, आणि फोटोभर पांढरे ठिपके, जणू पाण्यात पीठ उधळलंय. तिथल्या उस्तादानं समजावलं, की पाण्यात तरंगणारा कचरा फ्लॅश पडला की चमकतो. म्हणून फ्लॅश लेन्सच्या जवळ ठेवायचा नाही. लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना ताणायचा आणि तोंड जरा बाहेर फिरवायचं, म्हणजे उजेड वस्तूवर कडेनं पडतो, मधल्या पाण्यावर पडत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जवळ जायचं. रुंद दिसणारी लेन्स लावायची आणि वाटतं त्याहून जवळ जायचं. वस्तू आणि काच यांच्यामध्ये पाणी जितकं कमी, तितका फोटो खरा. हे तिच्या अंगात भिनलं.

गुलाबरावांना लकवा झाला तेव्हा ती परत आली. त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. आई, जनकाबाई, एकटीनं त्यांना उठवू-बसवू शकत नव्हती. मालवणला परत जाणं झालं नाही. मग तिनं इथलंच पाणी पाहिलं. विहिरी, बंधारे, पुलांचे खांब, धरणांचे दरवाजे. त्यांचं पाण्याखाली काय झालंय हे बघायला कुणीतरी लागतं, आणि नुसतं बघून चालत नाही, दाखवावं लागतं.

साखरखेर्ड्याचा गणेश तिला असाच एका विहिरीवर भेटला. विहिरीत अडकलेल्या मोटारी तो दम रोखून बुडी मारून काढायचा. मंजुश्रीनं त्याला सिलिंडर लावायला शिकवलं. तेव्हापासून दोघं सोबत काम करतात. तो तिला मंजूताई म्हणतो.

इथलं पाणी मालवणसारखं नाही. धरणाच्या तळाशी स्वतःचा हात नाकापाशी आणला तरी दिसत नाही. त्यासाठी तिनं एक पेटी बनवून घेतली. तसबिरींना काचा बसवणाऱ्याकडून जाड पारदर्शक प्लास्टिकचं तोंड करून घेतलं, आत गाळलेलं स्वच्छ पाणी भरलं आणि ती पेटी लेन्सपुढं बसवली. पेटीचं तोंड वस्तूला टेकवलं, की मधलं गढूळ पाणी बाजूला सरतं आणि कॅमेरा स्वच्छ पाण्यातून बघतो. दिसायला साधी गोष्ट, पण वस्तूला टेकवायची म्हणजे वस्तूपर्यंत जायला हवं.

त्या धरणाचा कालव्यात पाणी सोडायचा दरवाजा बंद होत नव्हता. काहीतरी आडवं आलं होतं. वीतभर फटीतून पाणी चाललं होतं, दिवसरात्र, आणि पुढचा सगळा उन्हाळा बाकी होता. त्या दरवाजाच्या पुढच्या, म्हणजे धरणातल्या पाण्याच्या, बाजूला अजून एक दरवाजा असतो, अडचणीच्या वेळी वरून खाचेत सोडायचा. तो सोडला तर पाणी थांबलं असतं. पण त्याच्याही खाचेत काही अडकलं असेल तर तोही अर्ध्यात रुतून बसला असता, मग हातात काहीच उरलं नसतं. तिथल्या तरुण अभियंता अश्विनी मॅडम म्हणूनच अडून बसल्या होत्या. खाच मोकळी आहे की नाही, हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्या दरवाजा सोडायला तयार नव्हत्या. वरून रोज विचारणा होत होती.

मंजुश्री आली तेव्हा मॅडमनी आधी नकाशा पुढं ठेवला आणि स्पष्ट सांगितलं. दरवाजाच्या पुढं लोखंडी गजांची जाळी आहे. मागच्या पुरात तिचा खालचा कोपरा तुटलाय. तुटलेल्या जागेतून पाणी जोरात आत ओढलं जातंय. माणूस त्या भोकाला चिकटला तर वरून चार जणांनी ओढूनही सुटणार नाही. जाळीच्या कडेला शिडी आहे, तिच्या पुढं जायचं नाही.

मंजुश्रीला हे माहीत होतं. वाहत्या दरवाजापासून लांब राहायचं, हा या कामातला पहिला नियम. आणि फोटोचा पहिला नियम जवळ जायचा.

आदल्या दिवशी तिनं वरूनच काम होतंय का ते पाहिलं. लांब पाइपाला कॅमेरा बांधून खाली सोडला. पाइप पाण्याच्या ओढीनं थरथरत होता. फोटो आले ते नुसते चहासारखे तपकिरी, कशाचा काही पत्ता नाही. मग ठरलं, की ती शिडीला धरून खाली उतरेल, आखूड पाइपाच्या टोकाला कॅमेरा आणि पेटी लावेल, आणि स्वतः बाजूला राहून फक्त पाइप भोकातून आत सारेल. कॅमेरा आपोआप फोटो काढत राहील, बटण दाबायला नको. आपोआप फोकस गढुळात भरकटतो, म्हणून फोकस वरच पेटीच्या तोंडाच्या अंतरावर पक्का करून ठेवला. कॅमेरा हातातून सुटू नये म्हणून तिनं त्याची दोरी आपल्या जॅकेटच्या कडीत अडकवली. मालवणपासूनची सवय होती ती.

सकाळी काठावर बसून तिनं कॅमेऱ्याचं कवच उघडलं. झाकणाची रबरी कडी काढली, पुसली, बोटावर ग्रीस घेऊन तिच्यावर फिरवलं. या कडीवर एक केस राहिला तरी आत पाणी शिरतं. ती हे करत असते तेव्हा तिच्याशी कुणी बोलत नाही. कवच बंद करून तिनं घमेल्यातल्या पाण्यात बुडवून धरलं. बुडबुडा आला नाही.

धरणात मासेमारी करणाऱ्या कडूबांची नाव भाड्यानं घेतली होती. पन्नाशी उलटलेला माणूस, बोलणं कमी. मंजुश्रीच्या कमरेची दोरी त्यांच्या हातात द्यायची ठरली, कारण गणेशला पोशाख घालून, सिलिंडर लावून तयार बसायचं होतं. खाली काही झालं तर तोच उतरणार. खुणा ठरल्या: एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोरी सैल सोड, तीन म्हणजे वर घे. अश्विनी मॅडम दरवाजाच्या मनोऱ्यावर उभ्या राहिल्या, बाजूला दरवाजा सोडणारा चौकीदार. खाच मोकळी दिसली तर लगेच दरवाजा सोडता यावा म्हणून त्यानं यंत्र तयार ठेवलं होतं.

मंजुश्री खाली गेली. थोड्याच अंतरात उजेड हिरवा झाला, मग तपकिरी, मग गेलाच. शिडीच्या गजांवरून हात सरकवत ती उतरत राहिली. पाय हलवायचे नाहीत, गाळ उठतो. हवेनं फुगणाऱ्या जॅकेटवर अंग तोललेलं. कानात आपल्याच श्वासाचा आवाज. तळाजवळ तो आवाज बदलला. खालून एक घुमणारा, सलग आवाज येत होता, जात्यासारखा. दरवाजातून जाणारं पाणी.

तिनं हातानं जाळी चाचपली, तुटलेली कड सापडली. तिथं हात धरला तर पाण्याची ओढ जाणवली, पण तिच्या अंदाजापेक्षा कमी. तिनं पाइप आत घातला. एका श्वासाला एक उजेड, फ्लॅश उडत राहिला. गढूळ पाण्यात तो उजेड दुधी ढगासारखा दिसे आणि विझे. पेटी कशाला टेकली नाही. टेकल्याशिवाय फोटो येणार नव्हता. तिनं पाइप आणखी आत सारला. मग कोपरापर्यंत हात आत गेला. मग पेटी टेकली, खरखरीत कशाला तरी. ती तशीच धरून ठेवली. उजेड, उजेड, उजेड.

ती म्हणते, त्या वेळी मला वाटलं, आला फोटो. मालवणला चांगला फोटो आला की वाटायचं तसंच.

मग पेटी फिरली. सपाट तोंड प्रवाहाला आडवं आलं असावं. पाइप हातातून असा गेला जसा कुणी हिसकावून घेतो. जॅकेटला अडकवलेली कॅमेऱ्याची दोरी ताणली आणि मंजुश्री जाळीवर आदळली. उजवा हात भोकातून खांद्यापर्यंत आत, छाती गजांवर. तिनं मागं रेटलं. हात निघेना. बोटांना काहीतरी बारीक, चिवट लागत होतं, मनगटाभोवती, कोपराभोवती. नायलॉनचं जाळं. पुरात वाहून आलेलं जाळं आत कुठंतरी अडकलेलं होतं आणि पाण्याबरोबर तिच्या हाताला गुंडाळलं गेलं होतं.

पाण्याखाली घाबरलं की श्वास वाढतो, श्वास वाढला की हवा संपते. हे तिनं कितीतरी पर्यटकांना सांगितलेलं. आता ती स्वतःला सांगत होती आणि श्वास ऐकत नव्हता. मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं. तिनं डोळे मिटले, तसंही काही दिसत नव्हतं, आणि मनात आईचं नाव घेतलं. मग डाव्या हातानं जॅकेटवरचा कटर शोधला. पहिल्यांदा हुकला, दुसऱ्यांदा हाताला लागला. आधी कॅमेऱ्याची दोरी. ताणलेली होती, पातं लागताच तुटली. कॅमेरा गेला. छातीवरची ओढ एकदम कमी झाली, पण हात अजून आतच होता, आणि डावा हात तिथवर पोचत नव्हता.

तिनं कमरेच्या दोरीला तीन हिसके दिले.

वर नावेत ते तीन हिसके पोचलेच नाहीत. कडूबांच्या हाताला काही वेगळंच लागलं. त्यांनी गणेशला सांगितलं, दोरी कशालातरी घासून राह्यली, पोरगी जागची हलत नाही. गणेशनं दोरी हातात घेऊन एक हिसका दिला. उत्तर आलं नाही. पुन्हा दिला. नाही. त्यानं दोरी ओढायला दोन्ही हात घातले तेव्हा कडूबांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"ओढू नको. आत जाळं असंल तर ते अजून आवळंल. तू खाली जाय."

गणेश तोंडात नळी धरून पाण्यात पडला.

मनोऱ्यावरून अश्विनी मॅडमना एवढंच दिसलं, की दुसरा माणूसही उतरला. ठरल्याप्रमाणे याचा अर्थ एकच होता. शेजारी चौकीदारानं यंत्राला हात घातला. त्याचा हिशोब सरळ होता: दरवाजा खाली सोडला की पाण्याची ओढ थांबेल, बाई सुटेल. एक क्षण मॅडमनाही तेच वाटलं. मग त्यांना नकाशा आठवला. खाच जाळीच्या लगेच मागं होती. मंजुश्री कुठं आहे, कशी आहे, कुणालाच माहीत नव्हतं. तिचा हात आत असेल तर दरवाजा त्याच्यावरच येणार होता, आणि तो अर्ध्यात थांबवता येत नव्हता.

"दरवाज्याला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "ती वर दिसेपर्यंत कुणीच काही करायचं नाही."

चौकीदारानं हात काढला. पण तो त्यांच्याकडं पाहत राहिला, आणि त्यांना नंतर बरेच दिवस त्याची ती नजर दिसत राहिली, असं त्यांनी मंजुश्रीला सांगितलं. काही न करता उभं राहणं हेच त्यांना त्या दिवशी करायचं होतं.

गणेश दोरीला धरून उतरला. दोरीच्या शेवटी त्याच्या हाताला मंजुश्रीचं सिलिंडर लागलं, मग डोकं. तिच्या तोंडातून बुडबुडे येत होते, म्हणजे श्वास चालू होता. त्यानं तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. तिनं त्याचा हात पकडला आणि इतका आवळला की नंतर तिथं वळ उठले. त्यानं तो हळूच सोडवला. मग तिच्या दंडावरून बोटं सरकवत भोकापर्यंत गेला आणि एकेक धागा कापायला लागला. आपलाही हात आत जाऊ द्यायचा नव्हता. तो सांगतो, की मी विहिरीत बुडी मारायचो तेव्हा दम संपायची भीती असायची. त्या दिवशी दम भरपूर होता, भीती मात्र तेवढीच होती. मंजूताईच्या सिलिंडरमध्ये किती हवा आहे हे मला दिसत नव्हतं.

एका धाग्यासरशी हात सैल झाला. दोघांनी मिळून गजांवर पाय देऊन रेटलं आणि ती सुटली. वर येतानाही घाई करता येत नाही, छाती फुटते. दोघं शिडीला धरून, थांबत थांबत आले.

नावेत कडूबांनी तिला आडवं केलं. हातावर जाळ्याच्या चौकटी उमटल्या होत्या, निळ्या-लाल. तिनं आधी तोंडावरचा मास्क काढला. मग गणेशला म्हणाली, "कॅमेरा गेला."

गणेश म्हणाला, "मरू दे ना बे तो कॅमेरा," आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपण ताईला बे म्हणालो. ती हसली. हसता हसता तिला रडू फुटलं.

अश्विनी मॅडम काठावर आल्या. त्यांनी सांगितलं, आता कुणीही खाली जायचं नाही. काम थांबलं म्हणून वर काय सांगायचं ते मी सांगेन. मंजुश्रीनं वाद घातला नाही. तिला पुन्हा खाली जायचं नव्हतं. पण आपण चूक केली, हे तिला कळत होतं. शिडीच्या पुढं जायचं नाही असं ठरलं होतं आणि तिनं पूर्ण हात आत घातला होता. तिनं ते मॅडमना तसंच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, मला कळलंय. आधी डॉक्टरला हात दाखवा.

ते गाडीत बसत होते तेव्हा कालव्याच्या बाजूनं एक बाई चालत आली. जयमाला नाव तिचं, कालव्याच्या कडेला तिचं हरभऱ्याचं शेत. पाणी धरणातून जिथं कोसळतं त्या डबक्यात तिला एक काळं, जड डबडं दिसलं होतं. ते तिनं रुमालात गुंडाळून आणलं होतं.

"हे तुमचंच असंल," ती म्हणाली. "आपल्या इकडं असं कोणाकडंच नाही."

कॅमेऱ्याचंच कवच होतं ते. पेटी नव्हती, फ्लॅशच्या दोन्ही दांड्या मोडलेल्या, पुढची गोल काच फुटलेली. वीतभर फटीतून पाण्यानं त्याला आरपार ढकलून दिलं होतं. आत गढूळ पाणी भरलेलं. कॅमेरा मेला होता. मंजुश्रीनं गाडीच्या टपावरच कवच उघडलं, कॅमेऱ्याच्या पोटातलं कार्ड काढलं आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत टाकून हलवलं.

सगळे भोवती जमले. चौकीदारानं विचारलं, आता लॅपटॉपला लावा ना. तिनं नाही म्हटलं. ओलं कार्ड लावलं तर जे वाचलं असेल तेही जळून जाईल. तिनं ते दुसऱ्या दिवसापर्यंत घरी पंख्याखाली, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवलं. अश्विनी मॅडमनी त्या अवधीत वरून आलेले दोन फोन घेतले नाहीत. जनकाबाईंनी मुलीच्या हाताला हळद लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्ड उघडलं. बहुतेक फोटो तपकिरी होते, काहींत नुसतं पांढरं. शेवटच्या काही फोटोंमध्ये मात्र तुकड्यातुकड्यानं सगळं होतं. बाभळीचं एक खोड, सालीच्या भेगा मोजता येतील इतकं स्पष्ट, दरवाजाच्या खाली तिरकं रुतलेलं. त्याचा एक फाटा पुढच्या दरवाजाच्या डाव्या खाचेत शिरलेला. त्याला गुंडाळलेलं निळं जाळं. आणि पेटी फिरल्यावरच्या एका फोटोच्या कोपऱ्यात मंजुश्रीचीच बोटं.

दरवाजा आदल्या दिवशी सोडला असता तर तो त्या फाट्यावर बसून वाकला असता.

फोटो पाहून अश्विनी मॅडमना कुठं आणि कुठल्या कोनातून पकडायचं ते कळलं. वरून क्रेननं आकडा सोडून त्यांनी आधी तो फाटा ओढून काढला. दोन प्रयत्न फसले, तिसऱ्याला मोडका लाकडाचा तुकडा जाळ्यासकट वर आला. मग पुढचा दरवाजा खाली गेला, पूर्ण गेला. कालव्यातला आवाज कमी होत होत थांबला. जाळं पाहून कडूबा पुढं आले. गाठ बांधायची पद्धत त्यांनी लगेच ओळखली. पुरात गेलेलं त्यांच्याच मच्छीमार सोसायटीचं जाळं होतं. ते खाली बसले आणि एकेक गाठ चाचपू लागले. मंजुश्री त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

तिनं तो खोडाचा फोटो मोठा करून गुलाबरावांना दाखवला. म्हाताऱ्यानं तो डाव्या हातात धरून उजेडाकडं केला, पुष्कळ वेळ पाहिला. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "उजवीकडून... लाईट... कमी पडला." मंजुश्री म्हणाली, हो बाबा, एक फ्लॅश तोवर मोडला असेल. त्यांनी फोटो खाली ठेवला आणि तिचा निळा पडलेला हात आपल्या हातात घेतला. तो त्यांनी जेवण येईपर्यंत सोडला नाही.

पुढं दोन महिने ती पाण्यात उतरली नाही. नंतर उतरली ती आधी एका उथळ तळ्यात, गणेशचा हात धरून. आता ती कॅमेरा अंगाला बांधत नाही, त्याला वेगळी दोरी असते आणि ती वर नावेत दुसऱ्या माणसाच्या हातात असते. कटर दोन असतात, दोन्ही हातांना पोचतील असे.

अलीकडंच तिला जळगाव जामोदकडून एक फोन आला. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका बंधाऱ्याचा दरवाजा बघायचा होता, फार घाई होती. तिनं विचारलं, दरवाजातून पाणी चालू आहे का? पलीकडचा माणूस म्हणाला, हाव, थोडंसं चालू आहे, त्यानं काय होते.

"आधी ते बंद करा," ती म्हणाली. "मग मले बोलवा."

त्यांनी दुसरं कुणी मिळतंय का ते पाहिलं, मिळालं नाही. दहा-बारा दिवसांनी त्यांनी पाणी अडवलं आणि पुन्हा फोन केला. ती आणि गणेश दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाले.